चामड्याचा वायसर



मागच्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. धार नव्हती, थेंबच. झोपताना खाली कळशी ठेवली. पहाटे उठून पाहते तर कळशी काठोकाठ भरून पाणी वर वाहत होतं. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला, "परवा येतो वैनी." परवापर्यंत किती कळशा झाल्या असत्या! मग यजमानांच्या पेटीतला पाना काढला, पुढच्या गल्लीतून वायसर आणला आणि अर्ध्या तासात नळ बंद केला. देवळात त्या दिवशी मी जरा ताठ मानेनेच गेले असेन.

मार्दव धर्माचा दिवस होता तेव्हाच ती मान खाली आली. न्हाणीघरात भिंतीतून बाहेर आलेला नळाचा जोड ओला दिसत होता. तोच पाना, तोच उत्साह. एक आटा आवळला, थेंब थांबला नाही म्हणून आणखी जोर लावला, आणि भिंतीच्या आत काहीतरी कट्कन वाजलं. सीपीव्हीसीचं कोपर आतल्या आत तडकलं होतं. आमच्या न्हाणीत पाणी दिसेना, म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाणी टपकत होतं, नेमकं त्यांच्या धान्याच्या डब्यांवर. तांदूळ, तूरडाळ, वर्षाचे गहू. ओलं धान्य म्हणजे पुढे काय होतं, किती जीव पडतात, हे आपल्यापैकी कोणाला सांगावं लागत नाही. काकूंचा त्या दिवशी उपवास होता. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

एकाच आठवड्यात, एकाच पान्याने, एक काम सुधरलं आणि एक बिघडलं. कोणतं काम आपलं आणि कोणतं मिस्त्रीचं, हे मला आधी कळायला नको होतं का? विचार करताना आठवल्या त्या आमच्या आजेसासूबाई आणि त्यांचा चामड्याचा वायसर.

आमचं जुनं घर इतवारीत होतं. वाड्यात विहीर, विहिरीवर रहाट. आजी सांगायच्या की घरात नळ आला तेव्हा त्यांनी त्या पाण्याने अंगण धुतलं, भांडी घासली, पण चुलीवर ते पाणी कित्येक वर्षं चढू दिलं नाही. कारण नळाच्या पोटात चामडं आहे हे त्यांना कळलं होतं. ते खरंच होतं. आपण ज्याला फिरकीचा नळ म्हणतो तो इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावी १८४५ साली एडवर्ड क्राइम्स याने काढला. त्याआधीचे नळ चावीसारखे पाव फेरा फिरवून एकदम बंद व्हायचे. पाण्याला जोर असला की त्या झटक्याने पाइपला हादरा बसायचा. क्राइम्सच्या नळात आट्यांवरून दांडा हळूहळू खाली येतो आणि त्याच्या टोकाची मऊ चकती पाण्याचं तोंड दाबून बंद करते. ही चकती थंड पाण्याच्या नळात चामड्याची असे, कारण चामडं भिजलं की फुगतं आणि घट्ट बसतं. ज्या नळांतून आपल्याकडच्या शहरांना पाणी मिळालं ते याच घराण्यातले.

आजींना कोणी वेडगळ म्हणायचं असेल तर म्हणो, पण त्यांच्या आक्षेपाला सातशे वर्षांचा आधार होता. तेराव्या शतकात माळव्यात राहिलेल्या पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृत' या श्रावकांसाठीच्या ग्रंथात चामड्याच्या भांड्यातलं पाणी आणि तेल-तूप वर्ज्य सांगितलं आहे. तेव्हा बुधले आणि पखाली चामड्याच्याच असत. शेतात मोट चालायची तीही चामड्याची. म्हणजे नळ नवा होता, प्रश्न जुनाच होता. हा विटाळाचा प्रश्न फक्त आपल्यालाच पडला असंही नाही. कलकत्त्याला १८७० च्या सुमारास नळाचं पाणी आलं तेव्हा तिथल्या सनातनी घरांतही ते प्यावं की न प्यावं यावर बराच खल झाला होता.

त्याच ग्रंथात पाणी गाळण्याबद्दल जे सांगितलं आहे ते मला या गोष्टीत जास्त महत्त्वाचं वाटतं. गाळलेल्या पाण्याला दोन मुहूर्त उलटले की ते पुन्हा गाळावं. गाळायचं फडकं फाटकं-विरलेलं नसावं. आणि गाळून फडक्यावर जे उरलं, ते दुसऱ्याच पाणवठ्यात टाकू नये. म्हणजे जिवाणी जिथल्या तिथे परत गेली पाहिजे. आजींच्या विहिरीवर यासाठी वेगळी बादली होती, तिच्या बुडाला बाहेरून कडी. फडकं त्या बादलीत धुवायचं, बादली अलगद पाण्यापर्यंत सोडायची आणि खालच्या कडीला बांधलेल्या दोरीने ती पाण्यात उपडी करायची, म्हणजे वरून आपटून जीव मरत नाहीत. चौक्यासाठी ३६ अंगुळं लांब आणि २४ अंगुळं रुंद फडकं दुहेरी करून वापरायचं, हे तुमच्याही घरी असेल. मुनिसंघ आला की अजूनही हेच चालतं. आचार्य विद्यासागर महाराजांचे चातुर्मास रामटेकला झाले तेव्हा चौका लावणाऱ्या बायकांना पहिला प्रश्न विहिरीचाच पडायचा.

आता गंमत बघा. त्या विहिरीच्या संसारात 'दुरुस्ती कोणी करायची' हा प्रश्न फारसा येत नसे. रहाटाची दोरी झिजली, आजी बदलायच्या. फडकं विरलं, आजी शिवायच्या. बादलीची कडी सैल झाली तर कासाराकडे जायची, तेवढंच. विहिरीतला गाळ काढायला मात्र माणसं लावायची, कारण ते खाली उतरण्याचं काम, जिवावरचं. हाताला पोचतं ते आपलं, उतरावं लागतं ते त्यांचं, इतका साधा हिशेब.

नळाने हा हिशेब मोडला. नागपूरची गोष्ट बघितली तर ते टप्प्याटप्प्याने झालं. भोसल्यांच्या काळचा अंबाझरी तलाव. इंग्रजी अमलात, १८७० च्या दशकात, त्याचा बांध वाढवून शहरात नळाने पाणी आणलं. शहर वाढलं तसं ते पुरेना, म्हणून १९११-१२ मध्ये गोरेवाड्याचा तलाव झाला. मग कन्हान नदी, आणि मग पार पेंच. प्रत्येक वेळी पाणी आणखी लांबून आलं. आजींना अंगणात वाकून दिसणारं पाणी आता चाळीस-पन्नास किलोमीटरवरून, जमिनीखालून येऊ लागलं. जिवाणी परत कुठे सोडायची? पेंचला? हा प्रश्न मी एकदा एका माताजींना विचारला होता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, म्हणूनच व्रती लोक विहीर सोडत नाहीत.

बोअरवेल आणि हातपंपाचीही तीच अडचण, पण हातपंपाची गोष्ट आपल्या प्रश्नाला इतकी जवळची आहे की ती जरा सविस्तर सांगते. त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या आसपास गावोगावी विंधनविहिरी खणल्या गेल्या. त्यांवर बसवलेले पंप बिडाचे होते, परदेशात एखाद्या शेतकरी कुटुंबाने दिवसातून पाच-पंचवीस वेळा हापसावा अशा बेताचे. इथे त्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत लागे. पंप भराभर मोडले. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी मग पोलादी, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप केला. पुढे सोलापूरला त्याहून दणकट पंप झाला. या सोलापूर पंपावरूनच, युनिसेफच्या मदतीने, १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. शाळेच्या आवारात, बसस्टँडवर आपण सगळ्यांनी हापसलेला तो पंप हाच.

पंप मजबूत होता, पण त्याच्या पोटातही वायसर होता, तोही चामड्याचा, वाटीसारखा. तो झिजणारच. आणि तो होता कुठे? खाली, जमिनीच्या पोटात, शंभर फुटांवर. दोन रुपयांची चकती बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागायचे, त्यासाठी तिवई, गाडी, चार-पाच गडी. गाडी तालुक्याहून यायची. तोपर्यंत गावातल्या बाया दोन-दोन मैलांवरून पाणी आणायच्या. चामड्याची वाटी कशी बदलतात हे समजायला काही अवघड नव्हतं. हात तिथवर पोचत नव्हता, एवढीच अडचण.

म्हणून पुढे 'मार्क थ्री' आला. त्यात वरचा पाइप इतका रुंद केला की आतला दट्ट्या पाइप न काढताच वर ओढून घेता येतो. चामड्याच्या जागी रबराच्या वाट्या आल्या. राजस्थानात बांसवाडा-डुंगरपूरकडे, उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात, बायकांनी हातपंप दुरुस्तीचं शिक्षण घेतलं. डोक्यावर पदर, हातात मोठे पाने. पंपाची रचना बदलली आणि मिस्त्रीचं काम बाईचं झालं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, आणि थोडी लाजही, की चार पायऱ्यांवरचा मीटर-कॉक कुठे आहे हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं.

आजींच्या वाड्यात पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. एक दिवस त्यांनी नळवाल्याला बोलावलं आणि स्वतः समोर बसून सगळे नळ उघडायला लावले. चामड्याचे वायसर काढून रबराचे बसवले. पुढच्या वेळेपासून मात्र मिस्त्री आला नाही. आजीच वरचा कॉक बंद करायच्या, नळ सोडून उरलेलं पाणी काढून घ्यायच्या, टोपण फिरवून दांडा बाहेर काढायच्या आणि चकती बदलायच्या. चामड्यापासून लांब राहायला निघालेल्या बाईला नळाचं पोट सगळ्यात आधी कळलं! मी दशलक्षणाच्या आदल्या रात्री जे केलं ते त्यांचंच पाहिलेलं होतं, म्हणून जमलं.

भिंतीतलं कोपर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या काळी लोखंडी पाइप भिंतीवरून उघडे जायचे, आटे पाडून जोडलेले, जोडाला सुतळी आणि सफेदा. गळलं की कुठे गळतं ते दिसायचं, आणि लोखंड पान्याचा जोर सोसायचं. आताचे जोड चिकटवलेले, टाइल्सच्या मागे लपलेले. भिंत साफसुथरी दिसावी म्हणून आपण पाणी डोळ्याआड केलं, आणि मार्क टूच्या वाटीसारखं ते पुन्हा हाताबाहेर गेलं. न्हाणीची टाइल फोडायला आलेल्या प्लंबरभाऊने तडकलेलं कोपर माझ्या हातावर ठेवलं. "वैनी, हे प्लॅस्टिक आहे. याले हातानं आवळून वर जरासाच पाना देत असतात. लोखंडासारखा जोर नाही लावत." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागला.

प्लंबर या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये शिशाला जो शब्द आहे त्यात आहे. रोमन लोक शिशाचे पाइप करायचे, ते काम करणारा तो प्लंबर. शिसं वितळवून सांधणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. आपल्याकडे या कामाला 'काय, पाना तर फिरवायचा' असं म्हणून आपण घासाघीस करतो. ओडिशात केंद्रापाडा जिल्हा आहे, तिथले कितीतरी तरुण पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करायला देशभर जातात. तिथल्या पट्टामुंडाईला सरकारने प्लंबिंगची खास संस्थाच काढली आहे. शिकायला बरंच काही असतं म्हणूनच ना?

आणि चुकलं तर काय होतं, याचं एक उदाहरण मी वाचलं ते विसरता येत नाही. १९३३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. शेजारशेजारच्या दोन मोठ्या हॉटेलांत पाहुणे उतरले. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरून सांडपाण्याचा जुना पाइप जात होता आणि तो गळत होता. शिवाय काही ठिकाणी संडासाची आणि पिण्याच्या पाण्याची लाइन एकमेकींना जोडली गेली होती. पाहुणे घरोघरी परतले आणि मग आजारी पडले. सुमारे १,४०० लोकांना आमांश झाला आणि ९८ जण गेले. सगळं आतल्या पाइपांच्या जोडण्यांमुळे.

आपल्याकडे हे लहान प्रमाणावर रोज घडू शकतं. पाणी ठरावीक वेळ येऊन गेलं की पाइप रिकामा होतो, आणि सैल जोडातून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. उन्हाळ्यात लाइनलाच छोटी मोटर लावणारे शेजारी असले तर विचारू नका, ती मोटर मिळेल ते खेचते. नागपुरात २०१२ पासून चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. त्यात जुने लोखंडी जोड काढून निळे प्लॅस्टिकचे पाइप टाकले, त्याचं एक कारण हेच, की पाइपात सतत दाब राहिला तर बाहेरची घाण आत येत नाही. तेव्हा रस्त्यापासून मीटरपर्यंतच्या जोडाला आपण किंवा गल्लीतल्या कोणत्याही हौशी माणसाने हात लावू नये. तो जोड आपल्या एकटीचा नसतो, त्या पाइपावरच्या सगळ्या घरांचा असतो. कायद्यानेही ते काम परवाना असलेल्यांचंच आहे.

तर आता माझं असं आहे. ज्याचं पाणी मला माझ्या हाताने बंद करता येतं, जे डोळ्यांना दिसतं आणि चुकलं तर माझ्याच बादलीत सांडतं, ते मी करते: फिरकीच्या नळाचा वायसर, नळाच्या तोंडाची जाळी, शॉवरची चुनखड, बेसिनखालची लवचीक नळी, फ्लशच्या टाकीतला फुगा. वायसर नवा घालूनही नळ गळतोच आहे, तर आतली पितळेची बैठक झिजली असते. ती घासायला हत्यार लागतं, तिथे मी थांबते. भिंतीतलं काही असेल, संडासाच्या लाइनजवळचं असेल, गच्चीवरच्या टाकीच्या बुडाचा जोड असेल, गीझर असेल, तर सरळ फोन. गीझरच्या वरचा सुरक्षा व्हॉल्व्ह टपकतो म्हणून तो बुच मारून बंद करणारी एक मैत्रीण मला माहीत आहे. तिला मी हात जोडून सांगितलं, बाई, तो टपकतो म्हणून टाकी फुटत नाही.

एक अडचण उरते. प्लंबर 'परवा' येणार असेल तर तोपर्यंत काय? काहीजणी म्हणतात, थेंबच तर आहेत. 'रत्नकरंड श्रावकाचारा'त समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे. विनाकारण जमीन खणणं, विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण आग पेटवणं त्यात येतं. गळता नळ दोन दिवस तसाच ठेवणं यात बसतं, असं मला वाटतं. पण घाईने पाना लावून तीन मजल्यांवर पाणी सोडणं त्याहून जास्त बसतं! म्हणून मी आता मधला उपाय करते. त्या नळाचा कॉक बंद, आणि दोन दिवस न्हाणीतून बादलीने पाणी. गैरसोय होते. वाड्यात रोज तेच करत होतो.

हे जमायला कॉक फिरायला हवेत. वर्षानुवर्षं हात न लागलेला कॉक गरजेच्या वेळी जाम असतो. अष्टान्हिकेला मी घरातले सगळे कॉक एकदा बंद-चालू करते. वर्षातून तीन वेळा ती येते, म्हणून विसरायला होत नाही. सुनेला आणि नातीलाही दाखवून ठेवलं आहे की कोणता कशाचा.

काकूंचं सांगायचं राहिलं. क्षमावणीच्या दिवशी मी खाली गेले, हात जोडले, उत्तम क्षमा म्हटलं. धान्याचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत, भिंतीच्या रंगाचे घेतले. मग म्हणाल्या, "ये आत. तुला नळाचं येतं म्हणतात, माझा स्वयंपाकघरातला बघ बरं, महिनाभर टपकतोय." मी बघितला. पाव फेऱ्याचा, नव्या पद्धतीचा. त्यात वायसरच नसतो, आत चिनीमातीच्या चकत्या असतात, आणि त्यांचा भिंतीत जाणारा जोडही ओलसर दिसत होता. मी पाना पिशवीतून काढलाच नाही. कॉक बंद करून दिला, प्लंबरभाऊचा नंबर लिहून दिला आणि आम्ही दोघी चहा घेत बसलो.